पासवर्ड बदलला, तरी जुनाच कसा चालतो?

डेटाबेसमध्ये पासवर्ड बदललात, तरी जुन्यानेच लॉगिन होतंय? जावाचा जेबॉस सर्व्हर प्रत्येक वेळी डेटाबेसला विचारत नाही. एकदा पटलेली ओळख तो कॅशमध्ये जपून ठेवतो. जेबॉस ४ मध्ये ही मुदत मुळात १८०० सेकंदांची, म्हणजे अर्ध्या तासाची असते. नोकरी सोडलेल्याचं खातं बंद केलंत, तरी तेवढा वेळ दार उघडं राहू शकतं!

जेबॉस ४ मध्ये उपाय सोपा आहे. जेएमएक्स कन्सोलमध्ये 'जास सिक्युरिटी मॅनेजर' उघडा, आपल्या सिक्युरिटी डोमेनचं नाव द्या आणि 'फ्लश ऑथेंटिकेशन कॅश' चालवा. सर्व्हर बंद करायची गरज नाही. मुदत ० ठेवली तर कॅश वापरलीच जात नाही, पण डेटाबेसवरचा भार वाढतो. म्हणून खातं बंद केलं की लगेच कॅशही रिकामी करा.