टेम्सकाठी ऐंशीच्या दशकाची गाणी

‘रिवाइंड’ हा ब्रिटनमधला ऐंशीच्या दशकातल्या पॉप संगीताचा महोत्सव २००९ साली सुरू झाला. लंडनच्या पश्चिमेला टेम्स नदीच्या काठी हेन्ली हे गाव आहे. जुलैच्या सुरुवातीला तिथे होड्यांच्या प्रसिद्ध शर्यती होतात आणि ऑगस्टमध्ये त्याच काठावरच्या ‘टेम्पल आयलंड मेडोज’ या कुरणावर हा मेळा भरतो. पुढे स्कॉटलंडमध्ये पर्थजवळच्या स्कोन पॅलेसच्या आवारात आणि उत्तर इंग्लंडमध्ये चेशायरच्या केप्सथॉर्न हॉलच्या परिसरातही तो भरू लागला. ‘लेट्स रॉक’ या नावाने असेच कार्यक्रम अनेक शहरांत होतात. जुन्या लोकप्रिय गायकांना एकाच तिकिटात एकाच रंगमंचावर आणण्याची ही पद्धत २००१ च्या ‘हिअर अँड नाऊ’ या दौऱ्याने रूढ केली. तेव्हा हे फॅड वर्षभरात ओसरेल असे कुणालाही वाटले असते. आज ब्रिटिश उन्हाळ्यातला तो एक नेहमीचा भाग आहे.

ज्या गाण्यांसाठी हजारो माणसे तंबू पाठीला लावून इथे येतात, ती गाणी एका विशिष्ट काळात आणि विशिष्ट यंत्रांमुळे जन्माला आली. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सिंथेसायझर स्वस्त होऊ लागला. त्याआधी तो श्रीमंत बँडच्या आणि मोठ्या स्टुडिओंच्या आवाक्यातला होता. आता कारखान्यांच्या गावातल्या पोरांनाही तो हप्त्याने किंवा जुन्या बाजारात मिळू लागला. १९८० साली रोलँड कंपनीचे टीआर-८०८ हे ताल देणारे यंत्र आले, त्याच सुमारास लिन कंपनीचे खऱ्या ढोलांचे ध्वनी साठवून वाजवणारे यंत्र आले आणि १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ बाजारात उतरला. घंटेसारखा खणखणीत, थोडासा काचेचा वाटणारा त्याचा स्वर त्या दशकाच्या उत्तरार्धातल्या असंख्य गाण्यांत ओळखू येतो. शेफील्ड या पोलादाच्या शहरातल्या ‘ह्यूमन लीग’ने १९८१ चा ‘डेअर’ हा अल्बम गिटारीशिवाय केला आणि त्यातले ‘डोन्ट यू वाँट मी’ त्या वर्षीच्या नाताळात ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्या बँडमधल्या दोन गायिका, सुझन ॲन सुली आणि जोआन कॅथरॉल, १९८० मध्ये शाळकरी मुली होत्या. फिल ओकी या गायकाने त्यांना शेफील्डच्या एका नाइटक्लबमध्ये नाचताना पाहिले आणि बँडमध्ये घेतले. तिघे आजही एकत्र गातात. निष्ठावान चाहत्याला अशा गोष्टी पाठ असतात आणि त्या पाठ असण्यातच त्याच्या प्रेमाची अर्धी खूण असते.

या चकचकीत संगीतामागचा काळ मात्र चकचकीत नव्हता. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधल्या बेकारांची संख्या ३० लाखांच्या वर गेली. खाणी आणि गिरण्या बंद पडत होत्या. लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधल्या ‘ब्लिट्झ’ या क्लबमध्ये मंगळवारी रात्री जमणारी मुले जुन्या कपड्यांच्या दुकानांतून आणि नाटकवाल्यांच्या अडगळीतून मिळवलेले झालरींचे सदरे, टोप्या आणि रंग लावून येत. गायक बॉय जॉर्ज तिथे लोकांचे कोट सांभाळण्याचे काम करायचा. ‘स्पँडाऊ बॅले’ या बँडने सुरुवातीचे कार्यक्रम तिथे केले. पैसे नसलेल्या तरुणांनी राजेशाही थाटाने वागायचे ठरवले, आणि त्यातून एका पिढीचा पोशाख घडला. गायक ॲडम अँटच्या नाकावरचा पांढरा पट्टा आणि त्याचा घोडदळातल्या शिपायाचा डगला याच वातावरणातून आले.

दृश्याचे महत्त्व वाढायला आणखी एक कारण घडले. १ ऑगस्ट १९८१ रोजी अमेरिकेत एमटीव्ही सुरू झाले आणि त्यावर दाखवलेला पहिला व्हिडिओ ‘द बगल्स’ या ब्रिटिश जोडीच्या ‘व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार’चा होता. मराठी वाचकाला ही चाल अनोळखी नाही: १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरींनी तिच्यावर बेतलेले ‘कोई यहाँ नाचे’ दिले होते. अमेरिकन वाहिनीला दिवसभर व्हिडिओ हवे होते आणि ते ब्रिटिश बँडकडे तयार होते. ‘ड्युरान ड्युरान’ने १९८२ मध्ये श्रीलंकेत जाऊन चित्रीकरण केले. नॉर्वेच्या ‘आ-हा’च्या ‘टेक ऑन मी’च्या १९८५ च्या व्हिडिओत पेन्सिलीने काढलेली चित्रे आणि जिवंत माणसे एकमेकांत मिसळली. त्या व्हिडिओची एक-एक चौकट आजही लोकांच्या डोळ्यांसमोर आहे.

ब्रिटनमध्ये ही गाणी घराघरांत पोहोचली ती बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमातून, दर पंधरवड्याला गाण्यांचे शब्द छापणाऱ्या ‘स्मॅश हिट्स’ या पाक्षिकातून आणि रविवारी संध्याकाळी रेडिओवर लागणाऱ्या पहिल्या चाळीस गाण्यांच्या उलट्या मोजणीतून. आपल्याकडे बुधवारी रात्री बिनाका गीतमालेभोवती घर गोळा व्हायचे, तसाच तो तास होता. मुले टेपरेकॉर्डरच्या बटणावर बोट ठेवून बसत आणि निवेदक बोलायला लागला की रेकॉर्डिंग थांबवत. शब्द छापील मिळत असल्यामुळे त्या पिढीला गाणी पूर्ण पाठ झाली, कडव्यांसकट. हेन्लीच्या कुरणावर हजारो लोक एका सुरात दुसरे कडवेही गातात, त्याचे मूळ या पाक्षिकात आहे.

नव्वदचे दशक आले आणि हे सगळे एकदम जुने झाले. गिटार परतली, नाचाच्या संगीताने वेगळी वाट धरली आणि सिंथेसायझरवाल्या बँडना रेकॉर्ड कंपन्यांनी दारे बंद केली. १९८१ मध्ये ‘किड्स इन अमेरिका’ने गाजलेल्या किम वाइल्डने बागकामाचे शिक्षण घेतले, त्यावर टीव्ही कार्यक्रम केले आणि २००५ मध्ये चेल्सीच्या प्रसिद्ध पुष्पप्रदर्शनात सुवर्णपदक मिळवले. रिक ॲस्टलीचे ‘नेव्हर गोना गिव्ह यू अप’ १९८७ मध्ये पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. त्याने १९९३ मध्ये संगीत सोडले. २००७ च्या सुमारास इंटरनेटवरच्या एका थट्टेने त्याचे ते गाणे नव्या पिढीपर्यंत नेले, आणि २०१६ मध्ये त्याचा ‘५०’ हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर आला. दोघांनाही रंगमंचावर परत आणण्यात जुन्या गाण्यांच्या दौऱ्यांचा वाटा आहे.

परतण्यामागे आर्थिक कारणही तितकेच खरे आहे. गाण्याच्या मानधनाचा कायम वाहणारा हिस्सा मुख्यतः गीतकार-संगीतकाराच्या नावावर जातो, गायकाच्या नव्हे. ‘स्पँडाऊ बॅले’ची गाणी गॅरी केंपने लिहिली. गायक टोनी हॅडली आणि आणखी दोघा सदस्यांनी त्या उत्पन्नात वाटा मागत दावा लावला आणि १९९९ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात ते हरले. ज्याचा आवाज लोकांना माहीत आहे, पण ज्याच्या नावावर गाणे नाही, त्याला उदरनिर्वाहासाठी गात राहावे लागते. सीडीची विक्री घसरली तसे प्रत्यक्ष कार्यक्रम हेच बहुतेकांचे मुख्य उत्पन्न झाले. प्रेक्षकाने दिलेल्या तिकिटाचा पैसा इथे थेट त्या गळ्यापर्यंत पोहोचतो, ही या महोत्सवांच्या बाजूने सांगायलाच हवी अशी गोष्ट आहे.

बँड फुटण्याचा परिणाम जाहिरातीच्या पोस्टरवर दिसतो आणि म्हणूनच जाणता चाहता पोस्टर बारकाईने वाचतो. ‘एबीसी’ म्हणजे आता मुख्यतः मार्टिन फ्राय. ‘थॉम्पसन ट्विन्स’ची गाणी टॉम बेली स्वतःच्या नावाने गातो. १९८१ ची युरोव्हिजन स्पर्धा जिंकणाऱ्या ‘बक्स फिझ’च्या चारांपैकी तिघे नावाच्या वादामुळे ‘द फिझ’ म्हणून कार्यक्रम करतात. एक वेगळे उदाहरणही आहे: ‘हेवन १७’ने ऐंशीच्या दशकात, ऐन भरात असताना, दौराच केला नाही, तो पहिल्यांदा १९९७ मध्ये झाला. त्यांचे ‘टेम्प्टेशन’ १९८३ मध्ये ज्यांनी रेडिओवर ऐकले, त्यांना ते समोर ऐकण्यासाठी चौदा वर्षे वाट पाहावी लागली. स्मरणरंजनाच्या मेळ्यात अशा रीतीने काही गोष्टी पहिल्यांदाच घडतात.

महोत्सवाचा दिवस दुपारी सुरू होतो. लोक आदल्या दिवशीच तंबू ठोकतात, नाहीतर सकाळी येऊन रांगेत उभे राहतात. गर्दीचे दोन स्वभाव दिसतात. एक घडीच्या खुर्च्या आणि चटया घेऊन मागच्या उतारावर दिवसभर बसतो. दुसरा फाटक उघडताच रंगमंचासमोरचे कठडे गाठतो आणि रात्रीपर्यंत जागा सोडत नाही. निष्ठावान चाहता दुसऱ्या जातीचा. त्याला पाणी, रेनकोट आणि चिखलात टिकणारे बूट लागतात, कारण इंग्लंडच्या ऑगस्टचा भरवसा नसतो. पोशाखाची तयारी मात्र आठवडे आधीपासून होते. भडक रंगांचे पायमोजे, खांदे फुगवलेले कोट, जाळीचे हातमोजे, आणि १९८४ मध्ये ‘फ्रँकी गोज टू हॉलिवूड’मुळे गाजलेले ठळक काळ्या अक्षरांचे पांढरे टी-शर्ट. त्या बँडच्या ‘रिलॅक्स’वर बीबीसीने जानेवारी १९८४ मध्ये बंदी घातली होती आणि त्याच महिन्यात ते पहिल्या क्रमांकावर गेले. आज साठीला आलेला माणूस तो टी-शर्ट घालून नातवंडांसोबत उभा असतो. पाळणे, खाण्याच्या गाड्या आणि बारही आहेत, पण तो भाग कुठल्याही जत्रेसारखाच.

रंगमंचावरची व्यवस्था समजून घेतली की कार्यक्रमाची गती उलगडते. बहुतेक गायकांना साथ करायला महोत्सवाचाच एक बँड असतो. एका दिवसात तो डझनावारी गाणी वाजवतो. कीबोर्डवाद्यांत प्रत्येक गाण्याचे मूळ ध्वनी आधीच भरून ठेवलेले असतात आणि गायक बदलला की वादक तेच राहतात. ढोल, ॲम्प्लिफायर, ध्वनीची मांडणी हलवावी लागत नाही, म्हणून दोन गायकांत फार वेळ जात नाही. प्रत्येकाच्या वाट्याला साधारण वीस-तीस मिनिटे येतात. एवढ्या वेळात नव्या अल्बममधली गाणी ऐकवायला जागा नसते. गायक थेट आपल्या गाजलेल्या गाण्यांवर येतो. या मेळ्यांवर टीका करणारे नेमके यावर बोट ठेवतात, की इथे कलावंताला पुढे जाऊ दिले जात नाही. ही टीका पटणारी नाही. ज्याची दोन-तीनच गाणी लोकांना हवी आहेत, त्याला स्वतंत्र दौऱ्यात दीड तास भरण्यासाठी धडपडावे लागते. इथे ती दोन-तीन गाणी पूर्ण मानाने, मोठ्या रंगमंचावर, तयार वादकांसह सादर होतात.

वयानुसार गळा उतरतो, हे लपून राहत नाही. अनेक गायक आपली गाणी अर्धा किंवा एक स्वर खाली घेऊन गातात आणि सर्वांत उंच ओळ आली की मायक्रोफोन प्रेक्षकांकडे वळवतात. प्रेक्षक ती ओळ पेलतात. १९८७ मध्ये ‘टीपाऊ’ बँडला पहिल्या क्रमांकावर नेणाऱ्या ‘चायना इन युवर हँड’सारख्या मोठ्या पल्ल्याच्या गाण्यात गायिका आणि गर्दी यांचा आवाज असा मिसळतो, की गाणे नेमके कोण गात आहे हा प्रश्नच उरत नाही. रेकॉर्डवर तीन-साडेतीन मिनिटांत बसवलेले गाणे चाळीस वर्षांनी एवढ्या माणसांना उचलून धरता येते, याचा अर्थ ते बांधताना त्यातली चाल आणि ठेका पक्का होता. त्या काळच्या रॉक नियतकालिकांनी या संगीताला प्लॅस्टिकचे आणि वापरून टाकायचे म्हटले होते. ते मत चुकीचे होते.

तरुणपणीचेच संगीत इतके घट्ट का चिकटते, याचा अभ्यास झाला आहे. अमेरिकेतल्या मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवले, की माणसाची लोकप्रिय गाण्यांची आवड साधारण तेविसाव्या-चोविसाव्या वर्षाच्या आसपासच्या गाण्यांवर सर्वाधिक स्थिरावते. दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढच्या आयुष्यात जास्त ठळक राहतात, हे स्मृतीवरच्या इतर अभ्यासांतही दिसले आहे. पहिली नोकरी, पहिले प्रेम, घर सोडणे हे सगळे त्याच वर्षांत घडते आणि गाणे त्या प्रसंगांना बांधले जाते. पण एवढ्यावर हा मेळा उलगडत नाही. हेन्लीच्या गर्दीत १९९५ नंतर जन्मलेले तरुणही असतात. त्यांच्याकडे त्या काळाची आठवण नाही. ती गाणी त्यांनी आईवडिलांच्या गाडीत, चित्रपटांत किंवा इंटरनेटवर ऐकली आणि ती त्यांना आवडली, एवढेच.

उन्हाळ्यात ब्रिटनमध्ये असलेल्या किंवा तिथे राहणाऱ्या मराठी संगीतप्रेमीने एकदा तरी अशा मेळ्याला जावे, आणि जाताना संध्याकाळच्या मोठ्या नावांची वाट पाहत बाहेर रेंगाळू नये. दुपारी पहिल्यांदा येणारा गायक बहुधा एकाच गाण्याने लोकांना माहीत असतो. ते गाणे त्याने हजारो वेळा गायलेले असते आणि समोरचे मैदान अजून अर्धे रिकामे असते. त्याच्यासाठी वेळेवर पोहोचावे.