कॉम्प्युटर कुठे खोळंबतो?

बारावीचा निकाल लागला आणि चार दिवसांत भाच्याने लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातलं कोटेशन माझ्यापुढे ठेवलं. "मामा, घरीच जोडणार आहे. बघ ना जरा." सगळ्यात वर भारी प्रोसेसर, खाली काचेचं, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, एक टेराबाइटची हार्ड डिस्क, रॅमची एकच पट्टी आणि शेवटच्या ओळीत नुसतं 'एसएमपीएस ४५०'. पहिल्यांदा कॉम्प्युटर जोडणाऱ्यांच्या अशा बऱ्याच याद्या मी पाहिल्या आहेत. सगळा जीव प्रोसेसरच्या आकड्यात अडकलेला असतो.

प्रोसेसर वेगवान असतोच. बघायचं असतं ते हे, की त्याला कशासाठी थांबावं लागतं. ४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर सेकंदाला ४ अब्ज ठोके देतो, म्हणजे एक ठोका पाव नॅनोसेकंदाचा. हा ठोका ताणून एक सेकंदाचा धरू. रॅममधून माहिती यायला साधारण ८० नॅनोसेकंद लागतात. आपल्या ताणलेल्या घड्याळात पाच मिनिटांहून थोडं जास्त. एसएसडीला १०० मायक्रोसेकंद धरले, तर साडेचार दिवस. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, एका फेरीला ८.३ मिलिसेकंद. वाचणारं टोक योग्य वर्तुळावर जाणं आणि हवी ती जागा त्याच्याखाली येणं, यात बारा-तेरा मिलिसेकंद सहज जातात. ताणलेल्या घड्याळात हे होतं दीड वर्ष!

कॉम्प्युटर सुरू होताना अशा हजारो छोट्या फायली वाचाव्या लागतात. म्हणून भारी प्रोसेसर आणि जोडीला फक्त हार्ड डिस्क, ही सगळ्यात वाईट जोडी. आम्ही प्रोसेसर एक पायरी खाली आणला आणि वाचलेल्या पैशात ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी बसवली. जुन्या साटा जोडणीची एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास वाचते, एनव्हीएमई काही हजार. तरी रोजच्या वापरात खरा फरक जाणवतो तो हार्ड डिस्क सोडून कुठल्याही एसएसडीवर येताना.

रॅमची १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्याव्यात. प्रोसेसर आणि रॅममध्ये दोन वाटा असतात. एकच पट्टी लावली तर एक वाट रिकामी राहते. डीडीआर४-३२०० रॅमला एका वाटेने सेकंदाला २५.६ जीबी जातात, दोन वाटांनी दुप्पट. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तेव्हा पडद्यावरचं चित्रही याच रॅममधून जातं. आणि इथेच यादीतली मोठी चूक सापडली. निवडलेल्या इंटेल प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर होतं, म्हणजे त्यात ग्राफिक्सची सोय नाही. यादीत कार्डही नव्हतं. सगळं जोडून बटण दाबल्यावर पंखे फिरले असते आणि मॉनिटर काळाच राहिला असता. भाच्याला कोडिंग शिकायचं आहे. 'एफ' नसलेला प्रोसेसर त्याला पुरे.

मदरबोर्डचं सॉकेट प्रोसेसरशी जुळायला हवं आणि रॅमचा प्रकार मदरबोर्डशी. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ संपर्क असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावून बसवायला जाऊ नये. एएमडीच्या एएम५ सॉकेटवर फक्त डीडीआर५ चालते.

आता शेवटची ओळ. भाच्याच्या मशीनला ४५० वॉट भरपूर होतात, आकडा चुकीचा नव्हता. पण तो एसएमपीएस कुणाचा, याचा पत्ता नव्हता. कॅबिनेटसोबत फुकट येणारा होता. हा डबा काय करतो ते पाहा. भिंतीतली २३० व्होल्टची उलटसुलट वाहणारी वीज आधी एकदिश होते, सुमारे ३२५ व्होल्टची. मग ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो, त्यामुळे छोटासा ट्रान्सफॉर्मर पुरतो, आणि शेवटी १२, ५ आणि ३.३ व्होल्ट बाहेर पडतात. वीज क्षणभर गेली, की यूपीएस जागा होईपर्यंतचे काही मिलिसेकंद आतले कपॅसिटर निभावतात. स्वस्त डब्यात काटछाट होते ती याच कपॅसिटरमध्ये आणि व्होल्टेज चढल्यास पुरवठा तोडणाऱ्या सर्किटमध्ये. आपल्याकडे पावसाळ्यात वीज दिवसातून चारदा येते-जाते. अशा घरात हा डबा जळाला तर मदरबोर्डलाही घेऊन जाऊ शकतो. '८० प्लस' ही खूण बघावी. २०, ५० आणि १०० टक्के भारावर किमान ८० टक्के कार्यक्षमता, असा तिचा अर्थ. मात्र ती संरक्षणाची हमी देत नाही. त्यासाठी नाव असलेला निर्माता आणि काही वर्षांची वॉरंटी हवी. काचेच्या कॅबिनेटचे पैसे आम्ही इथे वळवले. साध्या पत्र्याच्या, पुढे जाळी असलेल्या कॅबिनेटमध्ये हवाही जास्त खेळते.

रविवारी जोडणी केली. प्रोसेसरच्या कोपऱ्यातला बारीक त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवून भाच्याने तो नुसता ठेवला. तो स्वतःच्या वजनाने बसला. सॉकेटमधल्या केसांसारख्या पिना एकदा वाकल्या, की मदरबोर्ड बाद होऊ शकतो. त्याआधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज काढून टाकली होती.

तुमच्या घरी असा कागद आला, तर प्रत्येक भागापुढे पूर्ण मॉडेल नंबर लिहून मागा. नुसतं 'एसएमपीएस ४५०' लिहिलेलं असेल, तर तो कागद दुकानदाराला परत द्या.