लहान मुलाचा हात ‘निखळतो’ तेव्हा

दीड-दोन वर्षांचे मूल छान खेळत असते. कुणीतरी त्याचा हात धरून उचलते किंवा पुढे ओढते. मूल एकदम किंचाळते. थोड्या वेळाने रडणे थांबते, पण तो हात काही ते हलवत नाही. अंगाशी लटकता ठेवते, बिस्किट दिले तर दुसऱ्या हाताने घेते, आणि दुखऱ्या हाताला कुणी स्पर्श केला की पुन्हा रडू लागते. घरात एकच गलका उठतो: हात मोडला की काय? दादी म्हणते हात उतरला, खाला म्हणते लचकला, शेजारीण म्हणते मालिशवाल्याकडे न्या. आणि या गडबडीत एक प्रश्न हमखास येतो, “कुणी ओढले याला?”

या दुखापतीला डॉक्टर ‘पुल्ड एल्बो’, म्हणजे ओढल्यामुळे सरकलेले कोपर म्हणतात. एक ते चार वर्षांच्या मुलांमध्ये ती अगदी नेहमी आढळते. वेळेवर आणि नीट हाताळली तर एक-दोन मिनिटांत बरी होते. तरीही तिच्याविषयी प्रत्येक आई-वडिलांना माहिती असायला हवी असे आम्हाला वाटते. कारण दुखापत छोटी असली तरी त्यानंतर घरात जे घडते ते कधी कधी छोटे राहत नाही.

नेमके काय होते?

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. त्यांपैकी अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे वरचे टोक कोपरात गोल फिरते. म्हणूनच आपण तळहात वर-खाली करू शकतो. हे टोक जागेवर राहावे म्हणून त्याच्याभोवती अंगठीसारखी एक पट्टी असते. मोठ्या माणसात ही पट्टी जाड आणि घट्ट असते. लहान मुलात ती पातळ आणि सैल असते. सरळ ताणलेल्या हाताला झटका बसला की हाड किंचित खाली सरकते आणि ती पट्टी वर घसरून सांध्यात अडकते. हाड मोडत नाही. पट्टी अडकलेली असल्यामुळे हात फिरवला की दुखते, म्हणून मूल तो फिरवतच नाही.

मूल पाच-सहा वर्षांचे होईपर्यंत ही पट्टी मजबूत होते आणि मग ही दुखापत सहसा होत नाही. डाव्या हाताला ती जास्त वेळा होते. बहुतेक मोठी माणसे उजव्या हाताने मुलाला धरतात आणि शेजारून चालणाऱ्या मुलाचा डावा हात त्यांच्या मुठीत येतो, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

रोजच्या कोणत्या गोष्टींनी होते?

यासाठी कुणी क्रूर असावे लागत नाही. गटार ओलांडताना एका हाताला धरून उचलणे, बसची पायरी चढवताना वर खेचणे, ईदच्या आधी बाजाराच्या गर्दीत रेंगाळणाऱ्या मुलाला घाईने पुढे ओढणे, नव्या कुर्त्याच्या घट्ट बाहीतून हात ओढून बाहेर काढणे, ही नेहमीची कारणे. दोन्ही हातांना धरून गोल फिरवणे किंवा आई-अब्बूंनी दोन बाजूंनी धरून झोका देणे हा तर मुलांच्या आवडीचा खेळ, त्यातूनही हे होते. कधी मूलच हट्टाने जमिनीवर लोळण घेते आणि त्याचा हात आपल्या हातात असतो. तेवढा झटकाही पुरतो. अगदी लहान बाळांच्या बाबतीत कूस बदलताना हात अंगाखाली अडकला तरी क्वचित असे होऊ शकते.

एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या. मूल रस्त्यावर धावले आणि समोरून मोटार आली तर हात धरून ओढायचेच. सरकलेले कोपर जागेवर येते.

घरी काय करावे, काय करू नये

हात ज्या स्थितीत मुलाला बरा वाटतो, त्याच स्थितीत राहू द्या. मूल राजी असेल तर ओढणीची सैल झोळी करून हात गळ्यात अडकवा. तेल लावून चोळू नका, शेकू नका, लेप लावू नका, कापडाने आवळून बांधू नका. मोबाइलवर व्हिडिओ पाहून हात पिळण्याचा प्रयत्नही करू नका. हाड मोडलेले असेल तर त्याने मोठे नुकसान होते, आणि ते मोडले आहे की नाही हे घरी ओळखता येत नाही.

मुलाला बालरोगतज्ज्ञाकडे, अस्थिरोगतज्ज्ञाकडे किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात घेऊन जा. डॉक्टर आधी काय घडले ते विचारतात. मग खांद्यापासून बोटांपर्यंत हळूहळू तपासतात. हकिकत स्पष्ट असेल आणि सूज नसेल तर बहुतेक वेळा एक्स-रेचीही गरज पडत नाही. एका हाताने कोपराला आधार देऊन दुसऱ्या हाताने मुलाचा तळहात विशिष्ट पद्धतीने फिरवतात. कोपरात बारीकसा ‘टक’ जाणवतो. मूल क्षणभर रडते. मग दहा मिनिटांपासून अर्ध्या तासात ते त्याच हाताने खेळणे उचलते. ना प्लॅस्टर, ना भूल, ना महिनाभराची औषधे. दुखापतीला बरेच तास उलटून गेले असतील तर हात पूर्ववत चालायला थोडा जास्त वेळ लागू शकतो.

हाडवैद्याकडे नेले तर?

“आमच्या शेजारच्या मुलाचा हात हाडवैद्याने चुटकीसरशी बसवला,” असे अनेक जण सांगतात. ते खोटे असेलच असे नाही. हे कोपर हात फिरवताच जागेवर येते. कधी आपोआप येते, तर कधी एक्स-रेसाठी हात सरळ ठेवतानाच येते. अडचण पुढच्या वेळी होते. त्याच विश्वासाने आपण पडलेल्या मुलालाही तिथेच नेतो.

लहान मुले हात टेकवून पडली की कोपराच्या किंचित वरचे हाड मोडण्याचा धोका असतो. त्या जागेजवळून मुख्य रक्तवाहिनी आणि नसा जातात. तिथे चोळले किंवा पट्ट्या लावून करकचून बांधले तर रक्तपुरवठा थांबू शकतो, बोटे कायमची वाकडी होऊ शकतात. दुखावलेल्या कोपराला मालिश केल्याने स्नायूंत हाड तयार होऊन कोपर आखडल्याचीही उदाहरणे वैद्यकशास्त्रात आहेत. म्हणून नियम एकच ठेवा: हात दुखतो आहे, मग मालिश नाही.

पुढीलपैकी काहीही दिसले तर अजिबात वेळ न दवडता रुग्णालय गाठा: कोपर, मनगट किंवा खांदा सुजला आहे, हात वाकडा दिसतो आहे, मूल उंचावरून पडले आहे, बोटे थंड, पांढरी किंवा निळसर झाली आहेत, मूल बोटे हलवत नाही, किंवा हात दुखण्यासोबत ताप आहे.

‘कुणी केले?’ की ‘कसे झाले?’

आता त्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू या. या दुखापतीत डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते ती हकिकत. “हात धरून उचलले आणि तेव्हापासून हलवत नाही,” हे एक वाक्य मिळाले की निम्मे निदान झाले. पण हेच वाक्य अनेक घरांत उच्चारले जात नाही.

सून सासूसमोर गप्प राहते, कारण पुढची कित्येक वर्षे तिला हे ऐकावे लागेल. दादी बोलत नाही, कारण नातवाला सांभाळण्याचा तिचा हक्क जाईल की काय अशी तिला भीती असते. आणि नऊ वर्षांची बाजी, जी दिवसभर धाकट्या भावाला कडेवर घेऊन हिंडते, ती मार पडेल म्हणून सांगते, “तो पडला.” ‘पडला’ हा शब्द ऐकला की डॉक्टरांना हाड मोडल्याचा विचार करावाच लागतो. मग एक्स-रे, खर्च, कधी विनाकारण प्लॅस्टर, आणि मिनिटभरात बरा होणारा हात दिवसभर दुखत राहतो. उलटही घडू शकते. खरोखर पडलेल्या मुलाबद्दल “नुसता हात ओढला” असे सांगितले तर मोडलेले हाड नजरेतून सुटू शकते.

म्हणजे घरातले वातावरणही उपचाराचाच एक भाग आहे. जिथे खरे बोलणाऱ्याला ओरडा बसत नाही, तिथे मुलाला लवकर बरे वाटते. ज्याच्या हातून हे होते तो बहुधा त्या मुलाला सर्वांत जास्त सांभाळणाराच असतो. जो मुलाला कधी उचलतच नाही, त्याच्या हातून असे होणार तरी कसे? म्हणून अब्बूंनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी आवाज चढवण्याआधी एवढेच विचारावे, “बेटा, कसे झाले ते सांग, डॉक्टरांना सांगायचे आहे.” मोठी मुलगी आज खरे बोलली आणि तिला शाबासकी मिळाली, तर उद्या याहून मोठ्या प्रसंगीही ती खरेच बोलेल.

पुढे काय जपावे

ज्या मुलांना एकदा असे होते त्यांपैकी साधारण चार-पाच जणांमागे एकाला ते पुन्हा होते, त्यातही पहिले काही आठवडे अधिक जपावे लागतात. म्हणून घरातल्या प्रत्येकाला, अंगणवाडीच्या ताईंना आणि मुलाला नानीकडे सोडत असाल तर तिथेही सांगून ठेवा. उचलताना दोन्ही काखांखाली हात घाला. चालताना मुलाचा तळवा धरा, पण चाल त्याच्या पावलांची ठेवा. कपडे घालताना बाही गोळा करून आधी आपला हात आत घाला आणि मुलाचा हात अलगद बाहेर आणा. रस्त्यात हट्टाने बसकण मारली तर खेचू नका, खाली वाका आणि कडेवर घ्या.

या साऱ्याला फार तर दोन-तीन मिनिटे जास्त लागतील. बाहेर निघायचे असेल तर तयारी तेवढी आधी सुरू करावी. दोन वर्षांच्या मुलाला घड्याळ कळत नाही. घाई आपली असते आणि तिचा झटका त्याच्या कोपराला बसतो.