सातासमुद्रापलीकडचा आपला संघ

२९ जून १९८६. मेक्सिको शहरातील अझ्टेका मैदानावर दुपारी बारा वाजता अर्जेंटिना आणि पश्चिम जर्मनी यांच्यातील विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना सुरू झाला, तेव्हा भारतात रात्रीचे साडेअकरा झाले होते. दूरदर्शनवर थेट प्रक्षेपण चालू होते. ज्या घरी दूरचित्रवाणी संच असेल, त्या घरी शेजारपाजार लोटावा, असा तो काळ. अर्जेंटिनाने ३-२ अशी बाजी मारली आणि दिएगो मॅराडोना कित्येक बंगाली व मल्याळी घरांत कायमचा मुक्कामाला आला. त्याचा देश नकाशावर नेमका कोठे आहे, हे अनेकांनी त्यानंतरच शोधले असेल!

कोलकात्याला फुटबॉलचे वेड नवे नव्हते. १९११ साली मोहन बागानने इंग्रज पलटणीच्या संघाला नमवून शील्ड जिंकली, तेव्हापासून ते त्या शहराच्या रक्तात आहे. २४ सप्टेंबर १९७७ रोजी खुद्द पेले न्यूयॉर्क कॉसमॉस संघाबरोबर ईडन गार्डन्सवर उतरला. मोहन बागानने तो सामना २-२ असा बरोबरीत सोडवला. पण शहराने आपले मन ब्राझीलला देऊन टाकले. मॅराडोनाने या निष्ठेत फूट पाडली. तेव्हापासून दर चार वर्षांनी एकाच गल्लीत पिवळे-हिरवे आणि निळे-पांढरे असे दोन ध्वज समोरासमोर फडकू लागले.

मराठी वाचकाला यावर कोल्हापूर आठवेल. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम किंवा खंडोबा तालीम यांच्यासाठी घसा कोरडा करणारा प्रेक्षक त्या पेठेत वाढलेला असतो. खेळाडू त्याच्या ओळखीचा, कधी नात्यातलाही असतो. ही निष्ठा जन्माने मिळते. दूरच्या संघावरील निष्ठेला असा कोणताच आधार नसतो. ना भाषा एक, ना देश एक. आपण वाजवलेली टाळी तिकडे ऐकू जाण्याचीही सोय नाही. बँकेच्या परिभाषेत सांगायचे, तर ही व्याजाची हमी नसलेली ठेव, आणि मुदतही ठाऊक नाही.

अर्जेंटिनाच्या चाहत्यांनी ती ठेव मोडली नाही, याचे नवल वाटते. १९९० मध्ये रोमच्या अंतिम सामन्यात अखेरच्या मिनिटांतील पेनल्टीवर पश्चिम जर्मनीने त्यांना हरवले. २००२ मध्ये स्पर्धा जपान-कोरियात असल्याने सामने आपल्याकडे भर दुपारी, म्हणजे ऐन कचेरीच्या वेळी आले आणि स्वीडनशी बरोबरी होऊन संघ पहिल्याच फेरीत घरी परतला. २०१४ मध्ये रिओत पुन्हा अंतिम सामना, पुन्हा जर्मनी. जादा वेळेत ११३व्या मिनिटाला गोट्झेने गोल केला. भारतात तेव्हा पहाट व्हायला आली होती. दुसऱ्या दिवशी तांबारलेल्या डोळ्यांनी कामावर रुजू झालेल्यांचे दुःख कोणाला सांगण्याजोगेही नव्हते. ‘तुमचा काय संबंध?’ या प्रश्नाला उत्तर नसते.

प्रत्यक्ष भेटीचे योगही आले. मॅराडोना डिसेंबर २००८ मध्ये कोलकात्यात आणि ऑक्टोबर २०१२ मध्ये केरळातील कण्णूरला येऊन गेला. २ सप्टेंबर २०११ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर लिओनेल मेस्सीच्या नेतृत्वाखाली अर्जेंटिनाने व्हेनेझुएलावर १-० असा विजय मिळवला. त्याच मैदानावर १३ डिसेंबर २०२५ रोजी मेस्सी पुन्हा आला, तेव्हा मात्र मान्यवरांच्या गराड्यात तो सामान्य प्रेक्षकाला धड दिसलाही नाही आणि लवकरच निघून गेला. संतापलेल्या गर्दीने खुर्च्या उखडल्या. ते समर्थनीय नव्हेच. पण इतक्या वर्षांची जागरणे पदरी बांधून आलेल्या माणसाच्या वाट्याला ते आले, हेही विसरता येत नाही.

त्या मानाने २०२२ चे वर्ष भाग्याचे. विश्वचषक कतारमध्ये होता. कोझिकोड जिल्ह्यातील पुल्लावूर येथे अर्जेंटिनाच्या चाहत्यांनी नदीच्या पात्रातील बेटावर मेस्सीची सुमारे ३० फूट उंच प्रतिकृती उभारली. ब्राझीलवाल्यांनी लगेच त्याहून उंच नेमार उभा केला, मग रोनाल्डोही आला. नदीचा प्रवाह अडतो, अशी तक्रार झाली. तोवर ते छायाचित्र जगभर पोहोचले होते.

१८ डिसेंबरचा अंतिम सामना भारतीय वेळेनुसार रात्री साडेआठला, म्हणजे जेवणाच्या वेळी सुरू झाला. दोनदा हातातोंडाशी आलेला विजय फ्रान्सच्या एम्बापेने हिरावून घेतला. ३-३ अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआउटमध्ये अर्जेंटिनाने ४-२ असा चषक जिंकला. १९८६ साली पंधरा वर्षांचा असलेला मुलगा आता एक्कावन्न वर्षांचा झाला होता.

त्यानंतर अर्जेंटिनाच्या फुटबॉल संघटनेने परदेशी चाहत्यांचे आभार मानले. त्या छोट्याशा संदेशात बांगलादेश, भारत आणि पाकिस्तान यांच्या जोडीला केरळचे नाव स्वतंत्रपणे लिहिलेले होते.