गाडीतला एसी कोमट वारा देतो तेव्हा

एप्रिल-मे महिन्यांत विदर्भ-मराठवाड्यातील अनेक घरांत एक प्रसंग हमखास घडतो. आजोबांच्या डायलिसिसची पाळी असते, किंवा आजींना डोळ्यांच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी न्यायचे असते. घरात वाहन एकच, शेतमालाची ने-आण करणारी पिकअप. मुलगा एसी लावतो, पण गावाबाहेर पडेपर्यंत झोतातून कोमट वारा येऊ लागतो. ‘एसीत दम राहिला नाही, पाऊस पडला की बघू,’ असे म्हणत तो गाडी दामटतो. मागच्या आसनावरून आजी म्हणतात, ‘मला नाही उकडत रे, तू बघ समोर.’

आजींच्या या वाक्याशी आपण क्षणभर थांबायला हवे.

उकडत नाही, म्हणजे बाधत नाही असे नव्हे

उन्हाळ्यात शरीर मुख्यतः दोन मार्गांनी स्वतःला गार राखते. त्वचेकडे रक्ताचा पुरवठा वाढतो आणि घाम सुटतो. वय वाढते तशा या दोन्ही क्रिया मंदावतात, तहानेची जाणीवही बोथट होते. त्यात औषधांची भर पडते. रक्तदाबासाठी दिली जाणारी लघवी वाढवणारी औषधे शरीरातील पाणी आणि क्षार कमी करतात. कंपवात, मूत्राशयाच्या तक्रारी किंवा मानसिक आजार यांवरील काही औषधांनी घाम कमी सुटतो. म्हणून ज्येष्ठांचे ‘मला नाही उकडत’ हे शब्द उष्णतेचे माप म्हणून धरता येत नाहीत. औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नये. उन्हाळ्यातील मात्रेविषयी डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

पिकअपची रचना या अडचणीत भर घालते. डोक्यावर पत्र्याचे छप्पर, समोर मोठी काच आणि दुहेरी केबिन असली तरी मागच्या आसनासाठी बहुधा वेगळे झरोके नसतात. उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीतील हवा तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा सुमारे २० अंशांनी अधिक तापू शकते. अशा केबिनमध्ये अशक्त एसी ही केवळ गैरसोय राहत नाही, तो घरातील आजारी माणसाच्या प्रकृतीचा प्रश्न होतो.

अंदाज नको, मोजमाप हवे

ताप आला की आपण कपाळाला हात लावून थांबत नाही, तापमापक लावतो. एसीचेही तसेच करावे. ताप मोजण्याचा तापमापक मात्र येथे चालणार नाही, कारण तो इतके कमी तापमान दाखवतच नाही. स्वयंपाकघरात वापरतात तसा सळईचा डिजिटल तापमापक घ्यावा. गाडी मोकळ्या जागी सावलीत उभी करून इंजिन सुरू करावे. काचा बंद, एसी पूर्ण थंडाव्यावर, पंखा मध्यम वेगावर आणि आतलीच हवा फिरवण्याचे बटण चालू ठेवावे. १० मिनिटांनी मधल्या झरोक्यात सळई धरावी. बंदिस्त शेडमध्ये इंजिन चालू ठेवून ही तपासणी कधीही करू नये, त्या धुरातील वायू प्राणघातक ठरू शकतो.

एसी निरोगी असेल तर झरोक्यातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा निदान १५ ते २० अंशांनी थंड असते. फरक त्याहून बराच कमी असेल तर दोष आहे असे समजावे. आकडा आणि तारीख वहीत लिहून ठेवावी. रक्तदाबाची नोंदवही ठेवणाऱ्या आजोबांना हे काम सोपवले, तर ते अधिक काटेकोरपणे होईल.

दोष कोठे आहे?

मेकॅनिककडे जाण्यापूर्वी स्वतःला दोन प्रश्न विचारावेत. पहिला प्रश्न असा, की वारा कमी येतो की वारा भरपूर असूनही तो थंड नाही?

वाराच कमी येत असेल तर आधी केबिनचा फिल्टर पाहावा. अनेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो, काही साध्या पिकअपमध्ये तो नसतोही. धुळीच्या रस्त्यावर, कापसाच्या आणि भुशाच्या वाहतुकीत तो लवकर चोंदतो. चोंदलेल्या फिल्टरमुळे थंडावा घटतोच, शिवाय दम्याच्या रुग्णाला धूळ आणि बुरशीचा त्रास होतो. सुरुवातीला थंड वारा यावा आणि अर्ध्या तासाने तो मंदावावा, असे होत असेल तर डॅशबोर्डमागील कूलिंग कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी एसी बंद करून काही वेळ नुसता पंखा चालू ठेवला की वारा पूर्ववत होतो. असे वारंवार घडत असेल तर ती खूण मेकॅनिकला जरूर सांगावी.

वारा भरपूर आहे पण थंड नाही, तर दुसरा प्रश्न विचारावा. गाडी धावताना आणि उभी असताना फरक पडतो का? धावताना गारवा आणि सिग्नलला किंवा फाटकापाशी थांबले की कोमट, असे असेल तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. रेडिएटरच्या पुढे असलेली ही जाळी केबिनमधून काढून आणलेली उष्णता बाहेर टाकते. तिच्या बारीक पात्यांत चिखल, किडे, कचरा अडकला, किंवा समोर जाडजूड गार्ड आणि जादा दिवे लावून हवेची वाट अडवली, की उष्णता बाहेर पडत नाही. इंजिन बंद करून ते पूर्ण थंड झाल्यावर नळीच्या हलक्या धारेने ही जाळी धुवावी. जोरदार फवारा मारला तर पाती वाकतात. जाळी स्वच्छ असूनही तक्रार राहिली, तर तिचा विजेवर चालणारा पंखा फिरतो का, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे. हा पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून तेथे हात घालू नये.

उभी असो वा धावती, गाडीत थंडावा येतच नसेल तर कान द्यावा. एसीचे बटण दाबताच अनेक गाड्यांत पुढून ‘टक्’ असा आवाज येतो आणि इंजिनाची लय किंचित बदलते. ही कॉम्प्रेसर सुरू झाल्याची खूण असते. ती मिळाली नाही, तर फ्यूज, रिले किंवा गॅसचा घटलेला दाब यांपैकी काही कारण असू शकते. चिरका आवाज येत असेल तर पट्टा तपासून घ्यावा.

गॅस संपत नाही, तो गळतो

‘गॅस संपला आहे, भरून देतो,’ हे वाक्य आपण दर उन्हाळ्यात ऐकतो. वस्तुस्थिती अशी, की एसीतील वायू इंधनासारखा जळून जात नाही. बंद नळ्यांतून तोच वायू पुन्हा पुन्हा फिरतो. तो लक्षणीय कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे. दरवर्षी गॅस भरणे म्हणजे ताप का येतो हे न शोधता रोज तापाची गोळी घेण्यासारखे आहे.

म्हणून मेकॅनिकला तीन गोष्टी विचाराव्यात. गळती शोधली का? गॅस भरण्यापूर्वी नळ्यांतील हवा आणि ओलावा व्हॅक्यूम पंपाने काढला का? आणि गॅस वजन करून भरला का? किती ग्रॅम भरायचा हे बहुतेक गाड्यांत बॉनेटखालील चिठ्ठीवर लिहिलेले असते. गॅस प्रमाणापेक्षा अधिक भरला तरी थंडावा कमीच होतो. नळीच्या जोडावर तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला तर तो दाखवावा, कारण गॅससोबत थोडे तेलही बाहेर पडते. नळ्या स्वतः खोलण्याचे धाडस मात्र करू नये. दाबाखालील हा वायू बाहेर उसळला तर त्वचेला आणि डोळ्यांना गंभीर इजा होते.

दुरुस्ती होईपर्यंत

दवाखान्याची तारीख एसीसाठी थांबत नाही. त्यामुळे सकाळी लवकरची किंवा सायंकाळची वेळ मागून घ्यावी. निघण्यापूर्वी दारे उघडून आतली तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी आणि केबिन थोडी निवल्यावर काचा लावाव्यात. ज्येष्ठांना शक्यतो पुढच्या आसनावर बसवावे. ते मागे बसणार असतील तर मधले झरोके छताच्या दिशेने वळवावेत, म्हणजे झोत मागपर्यंत पोहोचतो. ओला पंचा जवळ ठेवावा. ताडपत्रीखाली हौद्यात आजारी माणसाला कधीही बसवू नये, आणि ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणून त्यांना बंद गाडीत एकटे सोडू नये. इन्सुलिनही गाडीच्या कप्प्यात ठेवू नये, उष्णतेने त्याचा गुण कमी होतो.

पाणी थोडे थोडे, तहान लागण्याची वाट न पाहता द्यावे. डायलिसिसच्या आणि हृदयविकाराच्या रुग्णांना मात्र पाण्याचे प्रमाण ठरवून दिलेले असते. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नये.

प्रवासात ज्येष्ठ व्यक्ती असंबद्ध बोलू लागली, उत्तर देईनाशी झाली, अंग चटका बसावा इतके तापले किंवा तिला झटके आले, तर तो उष्माघात असू शकतो. अशा वेळी घाम येत असला तरी निर्धास्त राहू नये. गाडी सावलीत थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कपडे सैल करून सर्वांगावर पाणी शिंपडावे आणि जोराने वारा घालावा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नये.

पिकअपमधून कापूस जातो, खत येते आणि घरातली वडील माणसेही जातात. मालाची फेरी ठरण्यापूर्वी टायर आणि ब्रेक आपण पाहतोच. उन्हाळा लागण्यापूर्वी, फेब्रुवारीतच, एसीही पाहून घ्यावा. आणि पुढच्या वेळी मागून ‘मला नाही उकडत’ असे ऐकू आले, की हो म्हणावे, पण झरोक्याला हात लावून पाहावा.