परवाने वाढले, शिकणं राहिलं

१३ जानेवारी २०१८ रोजी डहाणूच्या पारनाक्याजवळ सुमारे चाळीस विद्यार्थ्यांना घेऊन निघालेली बोट समुद्रात उलटली आणि तीन मुलींचा जीव गेला. बहुतेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, मुलं एका बाजूला गोळा झाली आणि बोट कलंडली, असं नंतर बातम्यांत आलं. मच्छीमार धावले म्हणून बाकीची मुलं हाती लागली. पालघर जिल्ह्यातल्या पाण्यावरच्या हौशी खेळांचा मागोवा घ्यायचा तर तो याच दिवसापासून घ्यावा, असं मला वाटतं. ती वल्ह्यानं चालवायची कयाक नव्हती, इंजिनाची बोट होती. पण पाण्यात पडल्यावर काय करायचं हे त्या मुलांना बहुधा कुणी कधी शिकवलंच नव्हतं, आणि कयाक भाड्यानं घेणाऱ्या हौशी माणसालाही ते आजतागायत क्वचितच कुणी शिकवतं.

देशात शिक्षणाची सोय नव्हती असं नाही. भारतीय कयाकिंग-कनोईंग संघटना १९८५ची. १९९४च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत आपल्याला कनोईंगमध्ये कांस्यपदक मिळालं. गोव्यात राष्ट्रीय जलक्रीडा संस्था १९९०पासून आहे. जीवरक्षक आणि बोटचालक तिथे तयार होतात. पण यातली एक वाट पदकाकडे जाते, दुसरी नोकरीकडे. रविवारी दोन तास वल्हवावं एवढीच इच्छा असलेल्या बोईसरच्या कारखान्यातल्या कामगाराला यापैकी कुठलीच वाट जवळची नव्हती.

डहाणूनंतर कागद हलले, हे मान्य करायला हवं. त्याच वर्षी केंद्राची साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि त्यांत कयाकिंगचा वेगळा विभाग होता. ऑगस्ट २०२१मध्ये राज्याचं साहसी पर्यटन धोरण आलं. नोंदणी, विमा, प्रथमोपचार, प्रशिक्षित माणसं, सगळं त्यात आहे आणि ते असायलाच हवं. मात्र हे सारं व्यवसाय चालवणाऱ्याला उद्देशून आहे. होडीत बसणारा त्यात गिऱ्हाईक म्हणूनच येतो. त्यानं स्वतः काही शिकावं यावर भर नाही. या वर्षांतली आपली मोठी उणीव मला हीच वाटते.

बाहेर पद्धत वेगळी आहे. अमेरिकन कनू असोसिएशन १८८०ची, ब्रिटिश संघटना १९३६ची. दोन्हींकडे नवशिक्यासाठी पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि सुरुवातीलाच पाण्यात पडणं येतं. बंद कयाकमध्ये कमरेभोवती रबरी झालर असते. होडी उलटली की कपाळ पुढे होडीकडे झुकवायचं, झालरीचा समोरचा पट्टा ओढायचा, दोन्ही हात कमरेशी टेकून शरीर बाहेर ढकलायचं आणि वर येताना होडी सोडायची नाही. वाचायला सोपं आहे. उलटं लटकलेलं असताना, नाकात पाणी जात असताना तो पट्टा हाताला सापडत नाही. म्हणून ते उथळ पाण्यात, शिक्षक शेजारी उभा असताना पुनःपुन्हा करून घेतात. आपल्याकडे भाड्यानं मिळते ती बहुधा वर बसायची प्लास्टिकची कयाक. तिच्यात अडकायची भीती नाही, पण परत चढणं शिकावंच लागतं: पाय मागे पाण्यात आपटत पोटावर होडीवर आडवं यायचं, मग कूस बदलून बसायचं. दमलेल्या माणसाला हे पहिल्यांदा खोल पाण्यात जमत नाही.

एवढं तर तरणतलावातही शिकता येईल. पुढचं शिक्षण मात्र या किनाऱ्याचंच हवं, आणि ते नुसतं परदेशी पुस्तक वाचून मिळणार नाही. उधाणाला इथलं पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. ओहोटीच्या सहा तासांत ते सारख्या वेगानं जात नाही. बारा भाग धरले तर पहिल्या तासाला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्या-चौथ्याला तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे मधल्या दोन तासांत तासाला सव्वा मीटर पाणी उतरतं. सातपाटी-मुरब्याच्या खाडीत, गाळानं अरुंद झालेल्या मुखाशी, त्या वेळी नवशिक्या वल्हेकऱ्याचं काही चालत नाही. सातपाटीचा कुठलाही तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सांगेल की शिकायचं तर भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या पाण्यात, आणि पाणी सुकायला लागायच्या आत परत.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. हिवाळ्यात सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. केळव्याच्या सुरूंच्या आडोशाला पाणी आरशासारखं दिसतं, कयाक आपसूक पुढे जाते, आणि परत फिरल्यावर कळतं की वारा तोंडावर आहे आणि दंड भरून आलेत. म्हणून पहिला अर्धा वेळ वाऱ्याविरुद्ध वल्हवायचं आणि येताना त्याची मदत घ्यायची. जागाही पारखायला हवी. तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात जातं. तिथे कुणाला उलटं व्हायला सांगू नये.

मार्च २०२४मध्ये कोयनेच्या जलाशयावर मुनावळ्याला सरकारनं जलपर्यटन केंद्र सुरू केलं. चांगलं झालं. पण तिथेही भर फेरीवर आहे. वल्हं धरायचं, उलटायचं, मित्राला सोडवायचं हे नीट शिकायचं तर पालघरची मुलं कोलाड किंवा गोवा गाठणार. कोलाडची कुंडलिका नदी भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्यावर वाहते. तिथे पाण्याची वेळ यंत्र ठरवतं, इथे चंद्र. तिथलं प्रमाणपत्र घेऊन आलेल्यालाही इथल्या किनाऱ्यावर, चिंचणीला, पुन्हा शिकावं लागेल.

त्यासाठी शिक्षक इथलाच हवा. होडीवर वाढलेल्या मुरब्याच्या मुलीला जीवरक्षणाचा आणि शिकवण्याचा अभ्यासक्रम मराठीतून मिळाला, तर तिच्याकडे आधीच असलेल्या ज्ञानाला फक्त कागद जोडायचा आहे. आणि उशीर करून चालणार नाही. १९ जून २०२४ला याच किनाऱ्यावरच्या वाढवण बंदराला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. बांधकामाचे तराफे, पुढे मोठी जहाजं याच पाण्यातून ये-जा करतील. तेव्हा चिंचणीहून कयाक घेऊन निघणाऱ्याला भरती-ओहोटीबरोबर जहाजांचे मार्ग, भोंग्यांचे अर्थ आणि व्हीएचएफ रेडिओ संच वापरणंही यायला लागेल, आणि ते शिकवणारी माणसं आजपासून तयार करावी लागतील.