मालमोटारीच्या दिव्यांचा लपंडाव

पुणे-सोलापूर रस्त्यावर कासुर्डीजवळ रात्री जुन्या डिझेल मालमोटारीचे दिवे एकाएकी मालवले, तर संकट प्राणावरचे. कारण गाडी धावतच राहते. डिझेल इंजिनात इंधन पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेने. तेथे ठिणगी लागत नाही.

धक्क्यासरशी दिवे पुन्हा लागले, म्हणजे दोष गेला असे नव्हे. विद्युत्प्रवाह बॅटरीतून तारेने दिव्याकडे जातो व चासीच्या पोलादातून परततो. या परतीच्या वाटेवरील गंजलेला वा सैल सांधाच पुष्कळदा असा लपंडाव खेळतो.

दिवे लावून, बॅटरीचे चासीस जोडलेले टोक व दिव्याची परतीची तार यांमध्ये व्होल्टमापक जोडावा आणि सांधे एकेक हलवावेत. काटा शून्याजवळून उसळला, तर दोष याच वाटेवर. काटा न हलता दिवे मालवले, तर तो स्विच, फ्यूज वा पुढच्या तारेत. दोष प्रकट असतानाच पकडावा, हेच या परीक्षेचे मर्म होय.